रेकॉर्डिंग घरच्या बॉक्समध्येच ठेवू की कंपनीच्या क्लाउडवर जाऊ?

रातपाळी:
आमच्याकडे हार्डडिस्कवाला सेट टॉप बॉक्स आहे, बरीच वर्षं झाली त्याला. आता घरघर करायला लागलाय, रेकॉर्डिंग बघताना मधेच अडकतं, चित्राचे चौकोन चौकोन होतात. कंपनीत फोन केला तर म्हणाले तो परत द्या, नवीन छोटा बॉक्स देतो, त्यात डिस्कच नाही, सगळं क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर रेकॉर्ड होईल. ऐकायला बरं वाटतंय पण सही करायला हात धजत नाहीये. आई रात्रीच्या मालिका लावून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जाहिराती पळवत निवांत बघते, आणि माझ्या शिफ्टमुळे मला मॅच लाइव्ह मिळतच नाही, म्हणजे रेकॉर्डिंग हाच आमचा टीव्ही आहे. शिवाय जुन्या बॉक्समध्ये जे साठलंय ते काढून घेता येतं का? वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

खटपट्या:
डिस्क दमलीये तुमची. तुम्ही काही रेकॉर्ड करत नसलात तरी बॉक्स चालू असला की समोरचं चॅनेल सतत डिस्कवर लिहिलं जात असतं, त्याशिवाय लाइव्ह टीव्ही पॉझ करून मागे नेता येणारच नाही ना. म्हणजे तिला विसावा असा नाहीच, म्हणून या बॉक्समध्ये पहिली जाते ती डिस्क.

साठलेलं काढण्याचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्सशी बांधलेली असते. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही उघडणार नाही, आणि घाईघाईत फॉरमॅट केली तर आहे तेही जाईल. जे जपायचंय ते बॉक्स परत द्यायच्या आधी बघून घ्या, एवढंच हातात आहे.

तरीही मी घरच्या डिस्कच्या बाजूचा आहे. इंटरनेट गेलं तरी केलेलं रेकॉर्डिंग बघता येतं, पुढे पळवलं की तिथल्या तिथे पळतं, आणि काय कधी पुसायचं ते आपण ठरवतो. जागेचं गणितही सोपं आहे, एचडी चॅनेल ४ ते ८ एमबीपीएसने येत असेल तर तासाला साधारण २ ते साडेतीन जीबी लागतात, म्हणजे ५०० जीबीत दीडशे तासांच्या आसपास तरी आरामात बसतं. दोन माणसांच्या घराला रग्गड झालं.

ढगातला_टीव्ही:
खटपट्या, जागेचं ठीक आहे हो पण ट्यूनरचं, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाचं काय? बॉक्समध्ये दोन ट्यूनर असतील आणि एकाच वेळी तीन गोष्टी लागल्या की तिसरी गेली, मग घरात कुणाचं रद्द करायचं यावरून वाद. क्लाउडला ही अडचण सहसा नाही. आणि आपल्याकडची लाइट गेली तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं कारण ते आपल्या घरात होतच नाहीये. रातपाळी, तुम्हाला तर ब्रेकमध्ये मोबाइलवरही मॅच बघता येईल. फक्त घरचं नेट सांभाळा, एचडी नीट बघायला प्रत्येक टीव्हीमागे ८ एमबीपीएसच्या आसपास तरी स्थिर हवं, आणि डेटाला मर्यादा असेल तर तेच रेकॉर्डिंग दोनदा बघितलं की दोनदा मोजलं जातं हे लक्षात ठेवा.

कलमवाले:
दोघांचंही पटतंय, पण माझ्या मते खरा मुद्दा डिस्क कुठे आहे हा नाहीच, फास्ट फॉरवर्डचं बटण कुणाच्या ताब्यात आहे हा आहे. आमच्याकडे क्लाउडवाली सेवा होती. रेकॉर्ड केलेली मालिका लावली की काही चॅनेलवर आपल्या रेकॉर्डिंगऐवजी त्यांची ऑन डिमांडवाली (मागाल तेव्हा दाखवायची) प्रत सुरू व्हायची, आणि जाहिरात आली की पुढे न्यायचं बटण करडं पडायचं, कितीही दाबा. रेकॉर्डिंग आपण लावलं आणि हुकूम दुसऱ्याचा, हे मला फार खटकलं.

यामागे कोर्टकचेऱ्यांचा इतिहास आहे. अमेरिकेत १९८४ च्या बेटामॅक्स (सोनीचा व्हिडिओ रेकॉर्डर) खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की प्रेक्षकाने नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप केला तर तो कॉपीराइटचा भंग नाही. पण मशीन कंपनीच्या इमारतीत असेल तर? २००६ साली केबलव्हिजन या तिथल्या केबल कंपनीने तशी सेवा जाहीर केली आणि कार्टून नेटवर्क, सीएनएन, हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ सगळे कोर्टात गेले. २००७ मध्ये केबलव्हिजन हरली, २००८ मध्ये अपिलात जिंकली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला म्हणून तोच निकाल राहिला. त्यात एक बारकावा बघण्यासारखा आहे, सर्व्हरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, कार्यक्रमाचा कुठलाही तुकडा जेमतेम १.२ सेकंद राहायचा, तेवढ्याला कोर्टाने प्रत मानलं नाही, आणि पुढे प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी ठेवलेली होती, हजार लोकांनी एकच कार्यक्रम लावला तर हजार प्रती. बटण दाबणारा ग्राहक म्हणून कॉपी करणाराही ग्राहक, असं धरलं.

सगळीकडे असं झालं नाही. ऑस्ट्रेलियात ऑप्टस या टेलिकॉम कंपनीची अशीच सेवा २०१२ मध्ये आधी जिंकली आणि काही महिन्यांत अपिलात हरली. म्हणून कंपन्या चॅनेलवाल्यांशी करार करून चालतात, आणि कुठे पळवता येईल, किती दिवस टिकेल या अटी त्या करारातून येतात. अमेरिकेतली यूट्यूब टीव्ही ही क्लाउडवाली सेवा जागेची मर्यादा घालत नाही पण रेकॉर्डिंग ९ महिन्यांनी जातं. घरच्या डिस्कला अशी मुदत सहसा नसते.

रातपाळी:
बापरे, बटण करडं पडतं हे कंपनीवाल्याने सांगितलंच नाही, आई तर जाहिराती पळवता आल्या नाहीत तर टीव्हीच बंद करेल. आणि मॅच लांबली तर? आता शेवट कापला गेला की जीव जातो अगदी.

खटपट्या:
ती भानगड दोन्हीकडे आहे, कारण दोघंही वेळापत्रक बघूनच थांबतात. घरच्या बॉक्समध्ये शेवटी जादा वेळ जोडायची सोय असते, मॅचला एक तास तरी जोडा, आणि नसेल तर पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावून ठेवा. क्लाउडवर काही सेवा मॅचची वेळ आपणहून वाढवतात, काहींत काहीच करता येत नाही.

कलमवाले:
कंपनीला लेखी विचारा, आई बघते त्या प्रत्येक चॅनेलवर पळवता येतं का, किती दिवस टिकतं, आणि कनेक्शन बंद केलं तर रेकॉर्डिंगचं काय. उत्तर येईपर्यंत जुना बॉक्स परत देऊ नका.

ढगातला_टीव्ही:
हो, आणि ट्रायल मिळत असेल तर आईंच्याच हातात रिमोट द्या, त्यांच्याच मालिका लावून. त्यांना जमलं नाही तर डिस्कवालाच बॉक्स बदलून मागा, तो मिळतो का हेही त्याच फोनवर विचारून घ्या.