लेकीला गंडम कुठून दाखवायला सुरू करू? (आणि 'त्याच्या आईने जाऊ कसं दिलं?')

डोंबिवलीचा_बाबा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय पोरकट वाटेल, सांभाळून घ्या.

वय 43, मेकॅनिकलचा माणूस. हॉस्टेलला शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या हार्ड डिस्कवरून जपानी रोबोंच्या मालिकांचं खूळ डोक्यात शिरलं, ते अजून उतरलेलं नाही. अठरा-वीस मीटर उंचीचे, आत माणूस बसून चालवतो ते रोबो. त्यातही गंडम. (बायकोच्या मते नावातच गंडलंय.) टीव्हीच्या वरच्या फळीवर माझी चार मॉडेलं उभी आहेत. धूळ पुसायलाही त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा आहे.

तो कायदा मागच्या रविवारी मोडलेला सापडला. लेक नऊ वर्षांची, चौथीत. तिच्या कंपासपेटीत पेन्सिल शोधत होतो, तर शार्पनरच्या कचऱ्यात नखाएवढा एक प्लास्टिकचा तुकडा. पहिल्या गंडमच्या कपाळावर इंग्रजी व्हीसारखा अँटेना असतो, त्याचं डावं पातं. म्हणजे आठवडाभर तो बिचारा एका शिंगाने उभा होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, "बाबा, याच्या आत कोण बसतं?"

"एक मुलगा. पंधरा वर्षांचा."

"मग शाळा?"

"लढाई चालू असते ना. शाळा बंद."

"त्याच्या आईने जाऊ कसं दिलं?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, शप्पथ. त्या रात्री सगळे झोपल्यावर 1979 ची मूळ मालिका पुन्हा लावली आणि दोन-तीन ठिकाणी चांगलाच अडखळलो. पहिल्याच भागात नायकाच्या शेजारच्या मुलीची आई आणि आजोबा स्फोटात जातात. नवव्या भागात कप्तान नायकाच्या, म्हणजे अमुरोच्या, दोनदा कानफटात मारतो आणि हा म्हणतो की मला माझ्या बापानेही कधी मारलं नाही. हॉस्टेलला या सीनला आम्ही शिट्ट्या मारायचो. आता हिशेब केला तर तो कप्तान स्वतःच 19 वर्षांचा! सगळं जहाजच पोरांच्या जिवावर चाललंय.

आणि तेरावा भाग. अमुरो आईला भेटायला घरी येतो, तिच्या डोळ्यांदेखत शत्रूच्या शिपायावर गोळी झाडतो. ती म्हणते, माझा मुलगा असा नव्हता. आणि हा तिला सॅल्यूट ठोकून निघून जातो. कॉलेजात मला वाटायचं, काय ही बाई, पोरगं जीव वाचवतंय आणि हिचं भलतंच. परवा मी पूर्ण वेळ त्या बाईकडे बघत होतो.

तर प्रश्न साधा आहे. नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवू आणि कुठून? इव्हॅन्जेलियन (तीही रोबोंचीच मालिका, पण लहान मुलांची नव्हे) लावू नका हे सांगायची गरज नाही, तेवढी अक्कल आहे.

दोघांची_आई

अहो बाबा, आधी मॉडेलांवरचा कायदा रद्द करा. अर्धं काम तिथेच होईल.

आमच्याकडे 'गंडम बिल्ड फायटर्स'ने सुरुवात झाली. 2013 ची, 25 भाग. यात युद्ध नाहीच. मुलं प्लास्टिकची मॉडेलं जोडतात आणि ती मॉडेलंच एकमेकांशी लढतात. एका मुलाच्या घरी मॉडेलचं दुकान आहे, आई गल्ल्यावर. त्याला मॉडेल फर्मास जोडता येतं पण लढवता येत नाही, दुसऱ्याला लढवता येतं पण जोडायचा कंटाळा. माझी दोन कार्टी त्यावरून महिनाभर भांडली, तू हा, मी तो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. भाचीसाठी 'द विच फ्रॉम मर्क्युरी' लावली, कारण गंडमच्या मुख्य टीव्ही मालिकांत पहिल्यांदाच मुलगी नायिका. 2022 ची, चित्रं सुरेख. पण तिचा जो आधीचा भाग आहे, त्यात एका चिमुरडीचा चौथा वाढदिवस असतो. ती गंडममध्ये बसून बाहेरच्या शत्रूंना केकवरच्या मेणबत्त्या समजते. तिकडे बाप मरता मरता वाढदिवसाचं गाणं म्हणतोय. मी रिमोट शोधेपर्यंत भाग संपला होता. भाची काही बोलली नाही, पण तिच्या पुढच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लावताना माझाच हात थबकला. आणि पुढे मालिकेत तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण उलटं: तिथे आईच मुलीला पाठवते. तेरा-चौदा वर्षांची झाली की बघा.

अजून एक, 'शिंकालियन'. बुलेट ट्रेनचे रोबो होतात, पोरं प्राथमिक शाळेतली, नायकाचा बाप त्याच संस्थेत नोकरीला. नायकाची गाडी ई5. आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आधी जिचं नाव ऐकत होतो, तीच. धाकटा ते कळल्यापासून ठाण्याला गेलो की "आपला रोबो कधी येणार" विचारतो.

फुकटसल्ला

सगळी खेळण्यांची जाहिरात आहे हो. रागावू नका, पण पहिल्या गंडमचे ते लाल-निळे-पिवळे रंगसुद्धा खेळणीवाल्या प्रायोजकासाठी. 52 भाग ठरले होते, प्रेक्षक मिळेनात म्हणून 43 वर गुंडाळली. मग 1980 च्या जुलैत बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने 300 येनचं प्लास्टिक मॉडेल काढलं आणि धंदा असा उसळला की अजून चालूच आहे. लेकीला काय दाखवायचं ते दाखवा, पाकीट मात्र वरच्या फळीवर ठेवा.

डोंबिवलीचा_बाबा

@फुकटसल्ला, पाकीट ठेवायला वरच्या फळीवर जागा नाही, हीच तर अडचण आहे.

एचएमटीवाला_काका

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा, म्हणून जरा लांबण लावतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबो' लागायचं, कुणाला आठवतंय का? ते कार्टून नव्हतं, रबरी पोशाखातली माणसं होती. मूळ जपानी मालिका 1967 ची, 26 भाग. एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलून अजस्र रोबोला हुकूम सोडतो. मी वडिलांचं एचएमटीचं घड्याळ कोपरापर्यंत चढवून चाळीच्या गच्चीतून हुकूम सोडायचो. समोरच्या पाण्याच्या टाकीने एकदाही ऐकलं नाही.

शेवटच्या भागात तो रोबो पोराचा हुकूम मोडतो. खलनायकाला उचलून थेट अवकाशात नेतो आणि उल्केवर जाऊन आदळतो. पोरगा खालून परत ये, परत ये म्हणून ओरडतोय. मी उशीत तोंड खुपसून रडलो होतो. आईला सांगितलं पोटात दुखतंय. ओवापाणी प्यावं लागलं.

आता गंमत बघा. त्या रोबोचा जनक मित्सुतेरू योकोयामा. त्याआधी 1956 साली त्यानेच 'तेत्सुजिन 28' काढला, तोही पोराच्या हातातल्या रिमोटवर चालणारा. म्हणजे लढाई रोबोची, पोरगं लांब उभं. पोरगं आत जाऊन बसलं ते 1972 साली, गो नागाईच्या 'माझिंगर झेड'मध्ये. छोटं विमान उडत येऊन रोबोच्या डोक्यात बसतं, आत चालवणारा. नागाईला म्हणे ही कल्पना ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर सुचली: गाडीला हातपाय फुटले तर पुढच्या गाड्या ओलांडून जाता येईल. (घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.)

तेव्हा लेकीचा प्रश्न बरोबर जागी आहे. रिमोट असता तर आईने दिलंच असतं की जाऊ. जेवायला हाक मारली की आलं घरी.

माझं मत विचाराल तर तुम्ही दुःखाचे भाग नका गाळू. मी सात-आठ वर्षांचा असताना तो रोबो मेलेला पाहिला, मला काही झालं नाही. ओवापाणी तेवढं वाईट होतं.

कानागावातली_कोल्हापूरकर

काका, ओवापाणी वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले बघा.

मी मूळची कोल्हापूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं इकडं जपानात, कानागावाला. हे रोबो प्रकरण मला लग्नानंतर कळलं, त्यामुळं मी भक्त न्हाई, भक्ताची बायको. योकोहामाच्या यामाशिता धक्क्यावर 18 मीटरचा हलणारा गंडम होता, डिसेंबर 2020 ते मार्च 2024. गुडघ्यावर बसायचा, उठायचा, हात वर करायचा. एवढं सगळं इतकं सावकाश, की आमचं पोरगं म्हणालं, "आजोबांसारखा उठतोय." नवऱ्याचे डोळे भरून आलेले आणि ह्याला हसू आवरेना. आमच्या पुढं रांगेत आजोबा, मुलगा, नातू अशी तीन माणसं, तिघांच्या टोप्या सारख्या. आजोबा नातवाला काय तरी समजावत होते आणि मधला मोबाईलमध्ये. आपल्याकडं नसतं का असंच?

तेराव्या भागाबद्दल सांगते. मी तो पस्तिसाव्या वर्षी, पोरगं मांडीवर झोपलेलं असताना पाहिला. नवरा सांगत होता की पुढं लढाई भारी आहे. मी म्हटलं बंद कर आधी. ती आई नुसती रडकी न्हाई. तिला आपलंच पोर ओळखू येईना झालंय, आणि ते सांगायला तिच्याकडं शब्द न्हाईत.

गंडमचा दिग्दर्शक तोमिनो 1941 चा, आमच्या ह्याच कानागावातल्या ओदावाराचा. युद्ध संपलं तेव्हा चार वर्षांचाही न्हवता. मला वाटतं, आईबापांकडं बघायची त्याची नजर तिथून आली असंल. अमुरोचा बाप तर बघा: गंडम बनवणारा इंजिनियर. पुढं डोक्यावर परिणाम होतो, आणि भेटल्यावर मुलाची चौकशी सोडून त्याला एक जुनाट सुटा भाग हातात देतो, हा बसव म्हणून. अमुरो तो बाहेर येऊन फेकून देतो. दादा, तुम्ही मेकॅनिकलचे न्हवं? तो भाग जपून बघा.

दाखवायचं म्हणाल तर दाखवा, पण शेजारी बसून. आणि एंट्री ग्रेडचं, म्हंजे नवशिक्यांसाठीचं, मॉडेल आणा तिला, त्याचे भाग हातानंच फ्रेममधून निघतात, कटर लागत न्हाई.

डोंबिवलीचा_बाबा

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी अहवाल देतोय.

बिल्ड फायटर्सचे चार भाग पाहिले, आवडले. पाचव्याला म्हणाली, "हे खेळातलं आहे. मला खरं वालं लाव." मग लावला 1979 चा पहिला भाग, हात रिमोटवरच ठेवून. रंग जुने, चित्रं कुठे कुठे वाकडी. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळेल. अमुरो गंडममध्ये चढतो आणि मांडीवर माहितीपुस्तिका उघडून बसतो, तिथे ती उठून उभीच राहिली. "बाबा, तो पुस्तक बघून चालवतोय! तू मिक्सरचं पण बघत नाहीस!" स्वयंपाकघरातून दुजोरा आला.

शेजारच्या मुलीच्या आईचा प्रसंग आला तेव्हा तिने स्वतःच पॉज केलं. पाणी प्यायली. टीव्हीकडे पाठ करून थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "आता लाव." मी काही समजावलं नाही. मला सुचलंही नाही.

काका, रिमोटवाला मुद्दा तिला सांगितला. तिचं म्हणणं, रिमोटची बॅटरी गेली तर?

@कानागावातली_कोल्हापूरकर, ताई, बापाचा भाग मी एकट्याने पुन्हा पाहिला. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

एंट्री ग्रेड आणलं. तिने दोन संध्याकाळींत जोडलं, प्लास्टिकच्या बारीक खुणा आईच्या नखं घासायच्या कानशीने घासल्या. मग पट्टी लावून उंची मोजली. मॉडेल खऱ्याच्या 1/144 मापाचं, म्हणून 18 मीटर भागिले 144, साडेबारा सेंटिमीटर. पट्टीवर थोडं जास्त भरलं तर अँटेनाला दोष दिला. माझ्या जुन्याचा अँटेना तिनेच फेव्हिक्विकने चिकटवलाय, डावं पातं जरा खाली झुकलंय, सांध्यावर थेंब वाळून पांढरा झालाय. दोघं शेजारी उभे आहेत. कायदा रद्द.

काल बारावा भाग झाला. आता तेरावा. बायको म्हणाली, तो मीही बघणार आहे, शनिवारी पोळ्या झाल्या की लावा.