कापूस ८,६०० ला दिला आणि निवांत झोपलो. चुकलं का?

पराटी (धागाकर्ता)
राम राम मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, चार एकर रान, विहिरीचा तळ जानेवारीतच दिसतो. गेल्या, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामात बावीस क्विंटल कापूस झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात आला, क्विंटलला ८,६०० म्हणाला, मी देऊन टाकला. गावाने वेड्यात काढलं. लोकांचंही चूक नव्हतं म्हणा. आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेलेला, त्यात गणपतीच्या मुहूर्ताला व्यापाऱ्यांनी पुन्हा दहाच्या वरच भाव फोडलेला. मग साडेआठला कोण देतो?

निम्म्या गावात कापूस खोलीत आणि माणसं ओट्यावर. शेजारच्या आबांनी तर देव्हारासुद्धा स्वयंपाकघरात हलवला. फेब्रुवारीत त्या कापसाने घरभर खाज सुटली, नातवाच्या मानेवर पुरळ, रात्रभर रडायचं. त्याचं रडणं आमच्या घरात ऐकू यायचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) गेली, भाव काही हलला नाही. परवा आबांनी ७,१०० ला दिला.

माझं म्हणणं एवढंच. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव ६,३८०. त्याच्यावर दोन हजार सुटत होते. सोसायटीचं कर्ज भरलं, पोरीची फी भरली, दोन म्हशी आहेत, घर स्वतःचं आहे. अजून किती पाहिजे माणसाला? आपल्या भागात ‘अजून थोडं थांबून पाहू’ हा रोगच आहे. तुम्हाला काय वाटतं?

गिरणाथडी
भाऊ, हाच धागा एक वर्ष आधी, २०२२ च्या मे महिन्यात काढला असता तर? त्या हंगामात दिवाळीला विकणाऱ्याने कपाळावर हात मारला आणि होळीपर्यंत थांबलेल्याने मोटारसायकल घेतली. तेव्हा थांबणारा शहाणा, यंदा विकणारा संत. याला समाधान म्हणत नाहीत, लागलेला मटका म्हणतात.

पराटी
खोटं बोलत नाही. त्या वर्षीसुद्धा मी दिवाळीतच दिला होता, ७,८०० ला. नंतर वर्षभर जीव तळमळला.

गिरणाथडी
मग झालं की! दोन्ही वर्षी तुम्ही एकच गोष्ट केली. एकदा तळमळलात, एकदा समाधानी झालात. फरक तुमच्यात नाही, आबांच्या पावतीत आहे. आबांना साडेनऊ मिळाले असते तर हा धागा आला असता का?

पराटी
(जेवून येऊन लिहितोय.) डिसेंबरात झोप लागली हे खरं. पण धागा आबांचा काटा झाल्यावरच काढला, हेही खरं. नसता आला.

खापरावरचा मांडा
समाधान म्हणजे मे महिन्यात भुसावळला कूलरच्या समोरची खाट आपल्याला मिळणं. बाकी चालू द्या.

पीलबाग
रावेरकडचा आहे. आमचे नाना गावातले एक नंबरचे समाधानी. केळीला मोकाट पाणी सोडायचं, कंद लावायचे, बाग दीड वर्ष. शेजाऱ्याने ठिबक बसवलं तेव्हा म्हणायचे, ‘झाडाला कोणी सलाईन लावतं का?’ कधी कोणाचा हेवा केला नाही, कधी कर्ज काढलं नाही, सगळे मान द्यायचे. पण नानांच्या त्या समाधानात माझ्या दोन बहिणींची कॉलेजं बसली नाहीत. दोघी हुशार होत्या, मोठी तर माझ्यापेक्षा. मी नानांशी वर्षभर भांडून ठिबक केलं, टिश्यू कल्चरची रोपं आणली, आता अकरा-बारा महिन्यांत घड कापतो. पैसा आला. बहिणींचं वय निघून गेलं.

नाना वाईट नव्हते. पण ‘मला काही कमी नाही’ हे घरातल्या एकाने म्हणून भागत नाही.

वाघूर
आणि वादळ आल्यावर काय, दादा? कर्ज काढून लावलेली निसवलेली (घड बाहेर पडलेली) बाग एका रात्रीत आडवी झालेली मी बघितली आहे. त्या सकाळी बांधावर बसलेल्या माणसाला विचारा, मोकाट पाणी बरं की ठिबक.

पीलबाग
तो मीच. चार वर्षांपूर्वी. विम्याचे पैसे येईपर्यंत दुसरी लागवड झाली होती. बाग पडल्याचं दुःख होतं, पण प्रयत्न न केल्याचं नव्हतं. दोन्ही दुःखं मी जवळून बघितली आहेत, एक माझ्या घरात आणि एक नानांच्या शेवटच्या दिवसांत.

उधना पॅसेंजर
मी पराटीभाऊंच्या बाजूने. एकोणीस वर्षं सुरतेत, उधन्याला, साडीच्या मिलमध्ये. दहा बाय बाराची खोली, चौघं राहतो. नंदुरबारकडून गाडी भरून येते, दर वर्षी आपलीच नवी पोरं उतरतात, कोणी मशीनवर टिकतं, कोणी महिन्यात परत. मला विचाराल तर भागतं. जास्तीचा जीव काढला नाही म्हणून तब्येत तरी राहिली.

आमच्या कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, रोटांचं बघा. आमच्या घरी श्रावणात घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ धान्य मोजून घेतात. तेवढंच दळायचं, तेवढेच रोट, आणि भाऊबंदांतच संपवायचे. बाहेर द्यायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. जुन्या लोकांना किती लागतं ते माहीत होतं. आपण मोजायचं सोडलं.

दुहेरी बादली
उधनाभाऊ, तुमचंच वाक्य परत वाचा. *पुरुषागणिक* सव्वा मूठ. बाईची मूठ मोजतच नाहीत, दळायचं मात्र तिने, भाजायचंही तिने. किती लागतं हे जुन्या लोकांना माहीत होतं म्हणता, कोणाला लागतं तेही जरा बघा.

या धाग्यावर आतापर्यंत ‘आमचं भागतं’ म्हणणारे सगळे पुरुष आहेत. पराटीदादा, वहिनींना विचारलंत का कधी? विचारून सांगा. तोपर्यंत तुमचं समाधान अर्धंच धरते.

उधना पॅसेंजर
ताई, रोट देवीचे आहेत, त्यात राजकारण कशाला?

दुहेरी बादली
देवीही बाईच आहे, भाऊ.

मोशी ते मेहरूण
पुण्यात आहे, पगार चांगला. ‘इतके झाले की थांबू’ असा आकडा तीनदा ठरवला, तिन्ही वेळा आला, तिन्ही वेळा पुढे सरकवला. हिवाळ्यात आई ट्रॅव्हल्समध्ये बामणोदची वांगी ठेवते, ती आणायला पहाटे स्टॉपवर उभा असतो तेवढाच आठवड्यातला बरा वेळ. गावाकडचे सुखी आहात.

गिरणाथडी
मग या ना परत. जागा आहे. फक्त लग्न आधी करून या, शेती करणाऱ्या पोराला इकडे कोणी मुलगी देत नाही. ‘गावाकडचे सुखी’ हे वाक्य पुण्याहूनच का येतं, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आखाजी ते आखाजी
सगळं वाचलं. लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितो.

माझा बा सालदार होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आपल्याकडे ते वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नव्याने ठरतं. १९९६ ची आखाजी. मालक ओसरीवर झोक्यावर, बा खाली पायरीवर, मी बाच्या बाजूला. नऊ हजार आणि ज्वारी चालू होती. बाने एक हजार वाढवून मागितले. मालक चिडले नाहीत. हसून, समजावून म्हणाले, ‘हाव बरी नाही रे. माणसाने समाधानी राहावं.’ बाने मान हलवली. पाचशेसुद्धा वाढले नाहीत.

नंतर आम्हाला जेवायला वाढलं. आमरस होता, हात आखडता घेतला नाही, चांगला वाढला. मी तीन वाट्या प्यायलो, तिसरी मागून घेतली. आज रेल्वेत आहे, भुसावळला, घरी पेटीने आंबे येतात. पण त्या तिसऱ्या वाटीचा राग गेलेला नाही. मालकाचा नाही. मी मागितली याचा.

धागाकर्त्याशी माझं भांडण नाही, ते स्वतःच्या कापसाबद्दल बोलतायत. पण हा शब्द कुठेही ऐकला की मी आधी बघतो, बोलणारा झोक्यावर आहे की पायरीवर.

वाघूर
यावर काय बोलणार.

खापरावरचा मांडा
कूलरचा विनोद परत घेतो.

एक अहिराणी माणूस
जिभाऊ, पोट भरेल माणूसलेच समाधान सुचस.

पराटी
भाऊ, मान्य आहे. आणि माझी अडचण अशी की मी दोन्हीकडे बसतो. खेडा खरेदीवाल्यासमोर मी पायरीवर असतो. त्याने काट्यात किलो-दोन किलो मारले तरी ‘जाऊ दे’ म्हणतो. वेचणीला येणाऱ्या बायांनी किलोमागे दोन रुपये वाढवून मागितले तेव्हा मीही ‘इतकं काय लागतं तुम्हाला’ असं बोललो होतो. आता आठवलं. लिहून टाकतो.

तरी एका गोष्टीवर अडून राहतो. आबांचा नातू रात्रभर खाजवत होता आणि आबा सकाळी मोबाइलवर रेट बघत होते. आबा लोभी नाहीत, त्यांच्यावर पोरीच्या लग्नाचं कर्ज आहे. पण थांबायचं कुठे हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. नऊ हजार आले असते तर दहाची वाट बघितली असती. मी आकडा पेरणीच्या वेळी वहीत लिहिला होता, ८,५००. तो आला, मी दिला. याला मटका म्हणा, चालेल.

गिरणाथडी
वहीत आधी लिहिला होता? हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना, भाऊ. मग निम्मं भांडण झालंच नसतं. मटका हा शब्द मागे. बाकीचं तसंच.

दुहेरी बादली
वहिनींचं राहिलं.

पराटी
विचारलं, ताई. भांडी घासत होती. म्हटलं, आपण समाधानी आहोत ना? तिने वर न बघता उत्तर दिलं, ‘कापूस विकला ते बरं केलं, नाहीतर झाडता झाडता माझाच जीव गेला असता. पण नळ अंगणातून ओट्यापर्यंत कधी आणणार? तीन वर्षं झाली सांगून.’

दुहेरी बादली
किती फूट आहे?

पराटी
बावीस.