शब्दचर्चा: शाळा-कॉलेज सोडणाऱ्यांचं गमतीचं 'विल'. मृत्युपत्र, इच्छापत्र की आणखी काही?

पार्लेकरीण

मंडळी एक शब्द हवाय आणि जरा घाई आहे. लेक बारावीला आहे, त्यांच्या ज्युनिअर कॉलेजात सेंडऑफला मुलं स्वतः लिहून-सजवून एक अंक काढतात, यंदा त्यात अमेरिकेतल्या हायस्कूलवाल्यांसारखं 'सीनियर विल' टाकायचं ठरलंय. म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं जाता जाता मागच्यांच्या नावाने आपली सगळी 'इस्टेट' करून जातात, माझा लॉकर अमक्याला, पार्किंगची जागा तमकीला, उशिरा येऊनही न पकडलं जायची कला धाकट्या भावाला, असं सगळं. मराठी पानांत येणार म्हणून मराठी नाव पाहिजे. लेकीने मथळा लिहिला 'आमचं मृत्युपत्र', तो सासूबाईंनी वाचला, झालं, "परीक्षा तोंडावर आलीय आणि काय हे अभद्र". मी म्हटलं इच्छापत्र कर, तर पोरं म्हणतात त्यात मजाच नाही. काय करावं?

गिरगावकर

इच्छापत्रच करा, ताई. अर्थ तोच आणि ऐकायला सौम्य. हल्ली पुष्कळ जण तोच शब्द वापरतात, आपल्याकडे दुकान बंद करतानासुद्धा 'वाढवलं' म्हणतात, दिवा 'शांत' करतात, मग सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या नावापुढे मृत्यू कशाला? सासूबाईंचं बरोबर आहे.

दादरची वकीलीण

गिरगावकर, सौम्य म्हणाल तर ती पळवाट आता राहिलेली नाही. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारपणात मला मशीनवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवायचं, त्याला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि त्याला मराठीत लोक 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणायला लागले. म्हणजे इच्छापत्र म्हटलं की माझ्या अशिलांना हल्ली आधी आयसीयू आठवतं. अभद्रपणात दोन्ही शब्द सारखेच.

आता कायद्याने बघायचं तर गंमत आणखी पुढे आहे. मृत्युपत्र अमलात येतं ते करणारा गेल्यावर. तुमची लेक आणि तिची गँग कुठेही जात नाहीयेत, फार तर इंजिनिअरिंगला जातील. जिवंतपणी, मोबदला न घेता, राजीखुशीने दुसऱ्याला वस्तू देऊन टाकायची त्याला बक्षीसपत्र म्हणतात. त्यामुळे काटेकोर शब्द पाहिजे असेल तर बक्षीसपत्र! फक्त एक अट, बक्षीस घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्येच तसं आहे. मृत्युपत्रात तुम्ही लिहून मोकळे, समोरच्याला वाचल्यावरच कळतं. आणि इथे सगळी मजा ज्युनिअरला न विचारता त्याच्या गळ्यात काहीतरी मारण्यातच आहे ना.

शिवाय भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे मृत्युपत्र करणारा शुद्धीत हवा आणि सज्ञान हवा, म्हणजे १८ पूर्ण. बारावीच्या अर्ध्याअधिक वर्गाचं मृत्युपत्र वयावरच उडेल. शुद्धीच्या अटीवर किती टिकतील ते प्रिन्सिपल सांगतील.

न्यू जर्सीहून परत आलेला

थोडी मूळ पद्धत सांगतो म्हणजे शब्द शोधायला बरं पडेल, मुलगी तिकडे शिकली म्हणून जवळून बघितलंय. पहिली गोष्ट म्हणजे तिकडचं 'सीनियर' आणि आपलं 'सीनियर' एक नाही. आपल्याकडे आपल्याहून वरच्या वर्गात असलेला कुणीही सीनियर, नोकरीत तर दोन वर्षं आधी लागलेलाही सीनियर. तिकडे नववी ते बारावी हायस्कूल आणि चारही वर्षांना वेगळी नावं, फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनियर. सीनियर म्हणजे फक्त बारावी. त्यात आपल्याकडे हायस्कूल दहावीलाच संपतं आणि अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात, म्हणजे अमेरिकन सीनियर आपल्याकडे ज्युनिअरमध्ये बसतो. तेव्हा 'ज्येष्ठांचे मृत्युपत्र' असलं भाषांतर चुकूनही करू नका, लोकांना ज्येष्ठ नागरिक संघाचं काहीतरी वाटेल.

दुसरं म्हणजे, ही जुनी प्रथा आहे, निरोपाच्या वेळी वर्गाचा इतिहास वाचायचा, वर्गाचं भविष्य वाचायचं (अमकी पुढे राष्ट्राध्यक्ष होणार वगैरे) आणि वर्गाचं विल वाचायचं अशी तिकडी असायची. पुढे शाळेच्या पेपरात नाहीतर यरबुकात प्रत्येकाच्या चार ओळी यायला लागल्या. सुरुवात ठरलेली, मी अमुक, शरीराने आणि मनाने ठणठणीत असताना, पुढील गोष्टी मागे ठेवून जात आहे. सगळी गंमत त्या कोर्टाच्या भाषेची आहे. वाक्य गंभीर आणि इस्टेट काय तर अर्धा संपलेला डिओ.

जुन्या शाळेतले सर

न्यू जर्सीवाल्यांनी शेवटी जे सांगितलंय त्यावर सगळ्यांनी जरा थांबा. गंमत कोर्टाच्या भाषेची असेल तर शब्द सौम्य करून तीच घालवताय तुम्ही. इंग्रजी विलच्या भाषेत जो भारदस्तपणा आहे त्याच्या दसपट आपल्या जुन्या दस्तांच्या मराठीत आहे. अर्धी फारसी, अर्धी संस्कृत, आणि पूर्णविराम कुठे येईल ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. माझ्या वडिलांच्या कपाटातले कागद वाचूनच मी व्याकरण शिकलो म्हटलं तरी चालेल. पोरांना हा नमुना द्या:

"लिहून ठेवणार, बारावी ब मधील शेवटच्या बाकावरील रहिवासी, धंदा टवाळी, कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे, माझी प्रकृती ठीक असून प्रिलिमचे मार्क सोडता मनावर कोणताही आघात नाही. माझे ताबे-वहिवाटीतील शेवटचा बाक, यांसी चतुःसीमा, पूर्वेस खिडकी व तीतून दिसणारा वडापाववाला, पश्चिमेस मॉनिटरची नजर, दक्षिणेस भिंत व तीवरील कर्कटकाने कोरलेली नावे, उत्तरेस कधीही न संपणारा फळा, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक बाक, त्यातील च्युइंगमसह, आतील तरु-तृण-काष्ठ-पाषाणासहित, अकरावीतील माझ्या मानसपुत्रास वंशपरंपरेने देत आहे, त्यास माझे भाऊबंदांनी हरकत घेऊ नये. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतीही नशापाणी न करता व कोणाचे दडपणास बळी न पडता लिहून ठेवले असे."

यावर 'इच्छापत्र' लिहून बघा बरं. मथळ्यात मृत्यू आहे म्हणून खालच्या च्युइंगमला हसू येतं.

दादरची वकीलीण

सर 🙏 'धंदा टवाळी' वर सही घेते.

फक्त आमच्या मुंबईच्या पद्धतीने एक हरकत. बाक त्याच्या मालकीचा कुठे आहे? तो राहतोय भाड्याने. आणि मुंबईच्या भाडे कायद्याखालची भाडेकरूची खोली भाडेकरूला मृत्युपत्राने वाटेल त्याला देता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच सांगितलंय, पागडीच्या खोल्यांवरून चाळीचाळीत याची भांडणं बघितलीत मी. तेव्हा "ताबे-वहिवाटीतील" हा सरांचा शब्द अगदी नेमका आहे, 'मालकीचा' कुणी लिहू नका.

डोंबिवली फास्ट

आमच्या ग्रुपमध्ये एकाने लोकलमधली चौथी सीट ठेवलेली. म्हणजे अर्धी बूड टेकायची ती. लिहिलेलं की "सदर मिळकतीचे क्षेत्रफळ प्रवाशागणिक बदलते". आणि दुसऱ्याने बेस्टच्या जुन्या डबलडेकरची वरची पुढची सीट दिली होती, ती बस २०२३ मध्ये बंद झाली, आता वारसदाराने काय करायचं?

दादरची वकीलीण

काही नाही करायचं. जी नेमकी वस्तू दिली तीच मरणाच्या वेळी उरली नसेल तर ते दान आपोआप पडतं. एसीवाल्या नव्या डबलडेकरवर हक्क सांगता येणार नाही, ती वेगळी मिळकत.

पार्लेकरीण

हसून हसून वाट लागली, पण सासूबाईंचं काय करू ते कुणी सांगेना. शिवाय अजून एक, आमच्या वेळी सेंडऑफला फिशपॉन्ड असायचे, चिठ्ठीवर नाव न घालता टोमणे लिहायचे आणि स्टेजवरून वाचायचे. हे विल म्हणजे तेच ना नव्या कपड्यात? मग त्यालाच काहीतरी जुना मराठी शब्द होता, तो आठवत नाहीये.

जुन्या शाळेतले सर

शेलापागोटे. फिशपॉन्डला शाळा-कॉलेजांतून शेलापागोटे म्हणत, काही ठिकाणी अजून म्हणतात. आणि ताई, तुमचं उत्तर बहुतेक इथेच आहे. शेलापागोटं म्हणजे मूळ मानाचा पोशाख, खांद्यावर शेला, डोक्यावर पागोटं, दरबारात खूश होऊन द्यायचा. ते कॉलेजात आल्यावर टोमणा झालं. हे एकट्याचं नाही, मराठीत दिल्या-घेतल्याचे शब्द बघाल तर निम्मे चिमटे निघतात. शालजोडीतले देणं, घरचा आहेर, वाटाण्याच्या अक्षता, पाठीत प्रसाद देणं, आणि नोकरीवरून काढलं तर नारळ दिला. देण्याचं सोंग करून टोला हाणायचा ही आपली जुनी खोड आहे, अमेरिकेतून काही आणावं लागत नाही. फरक इतकाच की शेलापागोटं निनावी असतं आणि वरून समोरच्याच्या अंगावर पडतं. विल सहीनिशी असतं आणि देणाऱ्याला आधी स्वतःवर हसावं लागतं, कारण माझी कुठली खोड तुला देतोय हे कबूल केल्याशिवाय देताच येत नाही. मला तरी हे जास्त सभ्य वाटतं.

म्हणून माझं मत, मुख्य मथळा शेलापागोटे, आणि आत प्रत्येकाच्या मजकुराच्या वर 'मृत्युपत्र'. आजींची नजर मथळ्यावर जाईल, पोरांची आत.

गिरगावकर

हे मान्य. पण सर, सहीनिशी असलं तरी टोचणारं असतंच की. उद्या कुणी लिहिलं "माझा फेस वॉश अमकीला, तिला गरज आहे" तर?

न्यू जर्सीहून परत आलेला

तिकडे नेमकं यावरूनच वांधे होतात. आतल्या आत कळणाऱ्या खुणा घालून कुणाचं तरी प्रकरण, कुणाचं वजन, कुणाचं ब्रेकअप छापून येतं, शिक्षकाला वाचून काही कळत नाही आणि वर्गाला सगळं कळतं. बऱ्याच शाळा म्हणून आधी तपासून घेतात, काहींनी प्रकार बंदच केलाय. मुलीच्या शाळेत मजकूर देताना प्रत्येक विनोदाचा अर्थ शिक्षकाला समजावून सांगावा लागायचा, ज्याचा सांगता येत नाही तो बाद. समजावल्यावर विनोद मरतो हे खरं, पण घाणेरडा विनोद लवकर मरतो.

डोंबिवली फास्ट

सोप्पंय, फक्त स्वतःची वस्तू आणि स्वतःचा अवगुण द्यायचा. समोरच्यात काय कमी आहे ते लिहायचं नाही. "कॅन्टीनची माझी उधारी फेडायची जबाबदारी" चालेल, फेस वॉश नाही.

दादरची वकीलीण

उधारी देता येते का हा वेगळा प्रश्न (कर्ज इस्टेटीतून आधी फिटतं, मग वाटणी), पण नियम चांगला आहे.

पार्लेकरीण

शेलापागोटे लेकीला सांगितलं, तिला आधी वाटलं मी खाण्याचं काहीतरी बोलतेय. पण आवडलं. सासूबाईंना पण चालतंय, त्या म्हणाल्या आमच्या गॅदरिंगला मला पडलेलं एक, काय होतं ते मात्र सांगत नाहीत. आता मजकूर तपासताना दोन शंका. मृत्युपत्र की मृत्यूपत्र? कारण पोरांनी तीन प्रकारे लिहिलंय, एकाने तर 'मृत्युलेख' लिहिलंय. आणि ज्याला मिळतं तो वारस की लाभार्थी?

जुन्या शाळेतले सर

मृत्युपत्र, त्यु ऱ्हस्व. सुटा शब्द असेल तेव्हा मृत्यू दीर्घ, पण तत्सम शब्द समासात पहिला आला की त्याचं मूळचं ऱ्हस्व रूप परत येतं, मृत्युपत्र, मृत्युदंड, तसंच गुरुकुल, शत्रुपक्ष. मृत्यूचा, मृत्यूने मात्र दीर्घच. 'मृत्युलेख' ताबडतोब काढा, तो माणूस गेल्यावर पेपरात त्याच्याबद्दल छापून येतो तो.

दादरची वकीलीण

वारस हा जन्माने किंवा नात्याने असतो, मृत्युपत्र नसलं तरी त्याला मिळतं. मृत्युपत्राने कुणाही परक्याला मिळू शकतं, त्याला लाभार्थी म्हणतात. नियमाने लाभार्थी. पण तो शब्द आता इतका सरकारी योजनांचा झालाय की वाचताना रांग आणि आधार कार्ड दिसतं, तेव्हा गमतीसाठी तोच ठेवा, "लाभार्थ्याने सोबत दोन फोटो आणावेत" असंही घाला. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. आणि लाभार्थ्यालाच साक्षीदार करू नका, आम्ही सगळ्यांना हेच सांगतो, नंतर भानगडी होतात. एक साक्षीदार कॅन्टीनवाले काका चालतील, उधारीचं पण तेच बघून घेतील.