पिलांवर राखण करणारी मरळ धरावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
आयर्लंडमध्ये नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी तिथल्या एका तळ्यात पाइक नावाचा मासा गळाला लावला आणि चांगला हातभर लांबीचा असूनही तो लगेच पाण्यात सोडून दिला. तिथल्या २००६ च्या नियमानुसार ५० सेंटिमीटरपेक्षा मोठा पाइक मारता येत नाही आणि त्याहून लहान असला तरी दिवसाला एकच ठेवता येतो. मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून तिला जगू द्यायचे, असा त्यामागचा साधा हिशेब आहे.

आपल्याकडे पाइक नाही. पण पाणवनस्पतींत दबा धरून बसणारी आणि बेडकापासून माशापर्यंत काहीही गिळणारी मरळ आहे. पाऊस सुरू झाला की नर-मादी मिळून गवतात जागा साफ करतात, अंडी पाण्यावर तरंगत राहतात आणि पिले बाहेर पडल्यावर त्यांचा तांबूस थवा काही आठवडे आईबापांच्या राखणीत फिरतो. हा थवा श्वासासाठी वर आला की पाण्यावर बुडबुड्यांची चाळवाचाळव दिसते. नेमक्या त्याच ठिकाणी गळाला जिवंत बेडूक लावून सोडला जातो आणि खालची मरळ भुकेपोटी नव्हे, तर पिलांवर संकट आले म्हणून त्याच्यावर तुटून पडते. तिला उचलल्यावर पिलांचा समाचार घ्यायला खंड्या पक्षी, दिवड साप आणि दुसरे मासे टपलेलेच असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की जून ते ऑगस्टमध्ये अशी मरळ धरू नये आणि बाजारात गाबोळीची मरळ कोणी विकत घेऊ नये.

हरिपूरचा
आपला मुद्दा भावनेला पटतो, पण आयर्लंडचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे गळ टाकणारा बहुतेक वेळा हौशी असतो आणि रात्रीच्या जेवणासाठी तो त्या माशावर अवलंबून नसतो. शिवाय पाइकच्या मांसात दुबेळके फुटलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तो सोडून देताना फारसे जड जात नाही. आमच्या कृष्णा-वारणेच्या संगमावर पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्या भोयाला पावसाळ्यात मिळणारी एक मरळ म्हणजे त्या दिवसाचा बाजार असतो. नदीत साखर कारखान्यांच्या मळीचे पाणी सुटल्यावर एका रात्रीत जेवढे मासे उलटे होऊन तरंगतात, तेवढे तो वर्षभरात धरत नाही. तेव्हा आधी त्या पाण्याविषयी बोलावे आणि मग गळाविषयी.

कृष्णाकाठ (सांगली)
मळीच्या पाण्याविषयी आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. पण वरून घर गळते म्हणून खालचा दरवाजा उघडा टाकावा, हे मला पटत नाही. आणखी एक फरक लक्षात घ्यावा. पाइक मादी पूर आलेल्या गवतावर अंडी टाकून निघून जाते आणि पुढे पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला अंडी घातल्यानंतर धरले, तर त्या वर्षीच्या पिलांचे काही बिघडत नाही. मरळीला धरले, तर सगळा थवाच जातो. म्हणजे नियमाची गरज आयर्लंडपेक्षा आपल्याकडेच अधिक आहे.

माणदेशी
आटपाडी-जतकडे येऊन पाहावे. तळे आटत आले की मरळ चिखलात रुतून बसते आणि लोक हाताने चाचपून ती काढतात. ते पाणी असेही जाणार असते, त्यामुळे तिथे सोडून देण्यात अर्थ नाही. सरसकट नियम नको.

कराडकर वहिनी
मी मासे धरत नाही, शिजवते. त्यामुळे माझे मत चुलीजवळचे आहे. गाबोळीच्या मरळीला लोक उगाच जास्त पैसे मोजतात. अंड्यावर आलेल्या माशाचे मांस मऊ आणि फिके लागते, तर हिवाळ्यातली पाऊण-एक किलोची मरळ रश्श्यात घट्ट राहते. तिच्या अंगाचा बुळबुळीतपणा राख आणि जाड मीठ चोळल्याशिवाय जात नाही. तो राहिला, तर रस्सा चिखलट लागतो. तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून ठेवावा. मग भाजलेले सुके खोबरे, तीळ, आले-लसूण आणि घरची कांदा-लसूण चटणी यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, गरम पाणी घालावे आणि उकळी आल्यावरच तुकडे सोडावेत. त्यानंतर पळी घालू नये, पातेले हलवावे. मरळीला मधला काटा सोडला तर काट्यांचा त्रास नाही, म्हणून आजारी माणसालाही ती निर्धास्त वाढता येते. फ्रान्समधल्या लियों शहरात पाइकचे काटे चुकवण्यासाठी त्याचे मांस वाटून, अंडे आणि साय घालून मऊ लांबट गोळे करतात, असे वाचले आहे. आपल्याला तो खटाटोप करावा लागत नाही. चवीसाठीच घ्यायची असेल, तर पावसाळ्यात मरळ घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

हरिपूरचा
वहिनींचा मुद्दा माझ्यापुरता बिनतोड आहे. पण गिऱ्हाईक थांबले, तर भोयाने त्या तीन महिन्यांत काय विकावे, हे कोणीच सांगितलेले नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
चिलापी विकावी. १९५२ मध्ये बाहेरून देशात आणलेला हा मासा आता जाळ्यात नको तेवढा येतो, आणि त्याची पिले खाऊन त्याला आवर घालणाऱ्या माशांत मरळ आहे. मरळ कमी केली, तर आपण चिलापीलाच मोकळे रान देतो.

हरिपूरचा
चिलापीला मरळीच्या निम्माही भाव मिळत नाही आणि बर्फाचा खर्च वेगळा. मरळ ओल्या पोत्याखाली घमेल्यात दिवसभर तोंड वर काढून जिवंत राहते, म्हणून ती संध्याकाळीही विकता येते. चिलापी दुपारी बारा वाजता उतरते. ही तफावत गिऱ्हाईक भरून देणार असेल, तर पिलांवरच्या मरळीला हात लावू नका, हे भोयांना सांगायला मी स्वतः येतो.