मदत हवी आहे: स्वतःच्या टूलची इमेज बायोकंटेनर्समध्ये कशी द्यायची?

मृगसर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, पायथन पोटापुरतं. गेल्या दीड वर्षात मातीतल्या जिवाणूंसाठी एक छोटं टूल लिहिलंय. ते वंशवृक्षाची फाइल घेतं, कुठला नमुना कुठल्या शेतातला ते फांद्यांना रंग देऊन दाखवतं आणि चित्र काढून देतं. लॅबपुरतं होतं तोवर बरं चाललं होतं. मग बंगळूरच्या एका गटाने मागितलं आणि रोज एक मेल सुरू झाला: आज हे इन्स्टॉल होत नाही, उद्या ते सापडत नाही. शेवटी सर म्हणाले, "कंटेनर करून बायोकंटेनर्समध्ये टाकून दे, कटकट मिटेल." टाकून दे! जणू पेटीत पाकीट टाकायचंय. (कंटेनर म्हणजे टूल आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेला डबा, इमेज म्हणजे त्या डब्याची साठवलेली प्रत; बायोकंटेनर्स म्हणजे जीवशास्त्राच्या टूल्सच्या अशा इमेजेसचं सार्वजनिक भांडार.)

तर मी डॉकरफाइल (डॉकर या कंटेनर बनवणाऱ्या प्रणालीला द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहिली. उबुंटू, त्यावर पायथन, त्यावर पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) सगळं, शिवाय आमचा संदर्भ डेटाबेस. माझ्या लॅपटॉपवर छान चालतं. इमेज भरली २.४ जीबी. डेटाबेस नको म्हणून पुढच्याच ओळीत तो डिलीट करायची आज्ञा घातली, तरी आकडा २.४ वरून हलेना. सहकाऱ्याने त्याच्या नव्या मॅकवर तीच फाइल बिल्ड करून दिली, तर ती आमच्या सर्व्हरवर "एक्झेक फॉरमॅट एरर" म्हणून पहिल्याच क्षणी आडवी झाली.

आता ही इमेज नक्की द्यायची कुठे, कशी? अपलोडचं बटण काही सापडलं नाही. आणि संस्थेच्या क्लस्टरवर डॉकर नाहीच, फक्त सिंग्युलॅरिटी (कंटेनर चालवणारी दुसरी प्रणाली) आहे. तिथे चालेल का? फार प्राथमिक प्रश्न असतील तर सांभाळून घ्या.

---

सेगफॉल्ट

बटण सापडलं नाही कारण ते नाहीच. तिथे इमेज कुणी देत नाही. आपण फक्त कृती द्यायची, स्वयंपाक त्यांच्या यंत्रावर होतो.

वाटा दोन आहेत. एक, बायोकंटेनर्सच्या गिटहब रेपोत (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) टूलच्या नावाचा फोल्डर, आत आवृत्तीचा फोल्डर, त्यात डॉकरफाइल, वर ठरावीक लेबलं (सॉफ्टवेअर, आवृत्ती, लायसन्स, सारांश वगैरे) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती). दुसरी वाट बायोकोंडाची (कोंडा या पॅकेज-व्यवस्थेतला जीवशास्त्राच्या टूल्सचा संग्रह): तिथे मेटा डॉट यॅमल नावाची एक रेसिपी लिहायची. ती मंजूर झाली की कोंडा पॅकेज बनतं आणि त्याच पॅकेजपासून इमेज आपोआप तयार होऊन क्वे या रजिस्ट्रीवर (इमेजेसच्या साठ्यावर) बायोकंटेनर्सच्या नावाखाली जाते. कोंडात बसत असेल तर बायोकोंडानेच या, असं तेही सांगतात. पायथनचं टूल आहे ना? मग डॉकरफाइल विसरा.

२.४ जीबीचं कोडं सोपं आहे. डॉकरफाइलमधली प्रत्येक कॉपी किंवा रन आज्ञा स्वतंत्र थर बनवते. खालच्या थरात ठेवलेली वस्तू वरच्या थरात डिलीट केली तर ती फक्त दिसेनाशी होते. भिंतीला चुना मारला म्हणून आतला हिरवा रंग खरवडला जात नाही, तसं. मॅकचं म्हणाल तर त्यातला प्रोसेसर एआरएम, तुमचा सर्व्हर इंटेल जातीचा. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म सांगितला नाही तर ज्या यंत्रावर बिल्ड, त्याचीच इमेज निघते.

---

आडगावकर

थरांवरून आठवलं म्हणून आगाऊ प्रश्न. ताई, "कॉपी डॉट डॉट" करून अख्खा फोल्डर आत घेतलात का? त्यात पासवर्ड-टोकनची फाइल होती का? आणि ही इमेज कुठे सार्वजनिक ठेवली आहे का?

---

मृगसर

@आडगावकर, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. हो, हो आणि हो. टोकन आत्ताच रद्द केलं, इमेजही काढली.

@सेगफॉल्ट, म्हणजे आठवडाभर केलं ते पाण्यात? असो. रेसिपी लिहिते. डेटाबेसचं काय करू?

---

सेगफॉल्ट

पाण्यात नाही. काय काय लागतं याची यादी त्या डॉकरफाइलमध्ये आहेच, तीच रेसिपीत जाईल.

डेटाबेस पॅकेजमध्ये घालू नका. वेगळा उतरवायची सोय द्या आणि तो कुठे आहे ते टूलला पर्याय म्हणून सांगता येऊ द्या. डेटा बदलला की दरवेळी नवी आवृत्ती काढत बसाल नाहीतर.

रेसिपीत सोर्सचा पत्ता द्यायचा तो गिटहबवर टॅग केलेल्या रिलीजच्या टारबॉलचा (सगळ्या कोडच्या एका गठ्ठा-फाइलचा), मेन शाखेचा नाही. शाखा उद्या पुढे सरकते आणि एसएचए २५६ (फाइल तीच आहे ना हे पडताळायचा ठसा) जुळेनासा होतो. बिल्ड नंबर (त्याच आवृत्तीचं पॅकेज पुन्हा बनवलं की वाढणारा आकडा) शून्य. शुद्ध पायथन असेल तर नोआर्क (म्हणजे कुठल्याही प्रोसेसरवर चालणारं). पिप इन्स्टॉलला "नो-डेप्स" आणि "नो-बिल्ड-आयसोलेशन" लावा. अवलंबित पॅकेजं पिपने ओढायची नाहीत, ती रेसिपीतच लिहायची आणि ती कोंडा-फोर्जवर (कोंडाच्या सर्वसाधारण संग्रहावर) किंवा बायोकोंडावर असायला हवीत. एखादं फक्त पायपीआयवर (पिप जिथून ओढतं त्या साठ्यावर) असेल तर आधी त्याची रेसिपी. रन-एक्सपोर्ट्स (या पॅकेजवर विसंबणाऱ्यांनी त्याच्या कुठल्या आवृत्त्या घ्यायच्या ती नोंद) विसरलात तर लिंट (रेसिपीतल्या चुका शोधणारी आपोआप तपासणी) लगेच ओरडेल, सगळ्यांवर ओरडतो.

---

आडगावकर

आणि रेपोत लायसन्सची फाइल आहे का? नसेल तर बाकी सगळं फोल. लायसन्स नाही म्हणजे इतरांना वाटायची परवानगीच नाही. पगार संस्थेचा आहे, तेव्हा एमआयटी की जीपीएल ते स्वतःच ठरवून मोकळ्या होऊ नका, सरांकडून लेखी घ्या. माझे या एका कागदात दोन महिने गेले होते.

---

मृगसर

अपडेट. लायसन्सची परवानगी अकरा दिवसांत आली (सरांनी स्वतः फाइल हातात घेऊन मजले चढले). रेसिपी लिहिली, पुल रिक्वेस्ट केली. लिंट दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा गप्प बसला. बिल्ड झालं, कोंडाची चाचणी हिरवी. आणि मग त्याच पॅकेजची कंटेनरमधली चाचणी लाल!

चाचणी काय, तर फक्त टूलचं हेल्प चालवणं. त्यात ही ओळ: "कॅनॉट इम्पोर्ट नेम ट्रीस्टाइल फ्रॉम ईटीई थ्री". ईटीई थ्री (वंशवृक्ष हाताळणारी पायथन लायब्ररी) रेसिपीत आहे, इन्स्टॉलही झालंय, लॉगमध्ये दिसतंय. माझ्या लॅपटॉपवर हीच ओळ मुकाट्याने चालते. नाव आहे तर इम्पोर्ट का होत नाही? डोकं भणभणलंय.

---

पुणेरी_पायथन

इम्पोर्ट फाइलच्या माथ्यावर असेल. तो चित्र काढणाऱ्या फंक्शनच्या आत ढकला. हेल्पला त्याची गरजच नाही. चाचणी हिरवी, विषय संपला.

---

सेगफॉल्ट

विषय कसला संपतोय? चाचणी हिरवी होईल आणि चित्र काढायला जाणारा माणूस नेमका तिथेच आपटेल. ताप गेला नाही, थर्मामीटर लपवला.

मृगसर, तो एरर खोटं बोलतोय. ईटीई थ्री सुरू होताना चित्रांचा भाग ट्रायमध्ये इम्पोर्ट करतं, आणि इम्पोर्ट एरर आला तर तो गिळून तसंच पुढे जातं. त्यामुळे ट्रीस्टाइल हे नावच तयार होत नाही. गिळलेला एरर पाहायचा तर ट्रीव्ह्यूचं (म्हणजे त्या चित्रांच्या भागाचं) मेन मॉड्यूल थेट इम्पोर्ट करून बघा. पैजेवर सांगतो, लिबजीएल सापडत नाही असं निघेल.

चित्रासाठी ईटीई थ्री क्यूटी (पडद्यावर खिडक्या-चित्रं काढणारी लायब्ररी) वापरतं आणि क्यूटीला ग्राफिक्सची ती लायब्ररी लागते. तुमच्या लॅपटॉपवर पडदा आहे, ग्राफिक्स आहेत, म्हणून ती आधीच हजर. बायोकंटेनर्सची नेहमीची इमेज बिझीबॉक्सवर उभी असते. म्हणजे रिकामी खोली: चार भिंती आणि एक खुंटी. कोंडाने जे आणलं तेवढंच सामान. कोंडाची चाचणी भरल्या घरात होते, कंटेनरची या रिकाम्या खोलीत. म्हणून पहिली हिरवी, दुसरी लाल.

उपाय: रेसिपीच्या एक्स्ट्रा विभागात कंटेनरखाली "एक्स्टेंडेड-बेस: ट्रू". अशाच टूलसाठी थोडी भरलेली पायाभूत इमेज ठेवलेली असते. आणि चाचणीत हेल्पबरोबर तीन फांद्यांचं एक झाड खरंच काढून बघा. पडदा नसल्यामुळे क्यूटी अडेल, तेव्हा क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्म हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल "ऑफस्क्रीन" ठेवा.

दरवेळी पुल रिक्वेस्टवर ढकलून वाट बघू नका. बायोकोंडा-युटिल्सच्या बिल्ड आज्ञेला डॉकर आणि मल्ड-टेस्ट हे दोन पर्याय जोडले की हीच परीक्षा घरी देता येते.

---

पुणेरी_पायथन

थर्मामीटर मान्य. प्रतिसाद मागे घेतो.

---

मृगसर

पैज जिंकलात! लिबजीएलच होतं. एक्स्टेंडेड-बेस केलं, चाचणीत झाड घातलं, सगळं हिरवं. आता कुणाला मेल करायचा?

---

सेगफॉल्ट

मेल नाही. पुल रिक्वेस्टवरच बायोकोंडाबॉटला उद्देशून कॉमेंट करा, लेबल लाव म्हणून. त्याने रिव्ह्यूच्या रांगेत जाल. तपासणारी मंडळी आपला वेळ काढून हे करतात. त्यांनी काही सुचवलं तर वाद न घालता आधी करून बघा.

मर्ज झाल्यावर (म्हणजे रेसिपी सामील करून घेतल्यावर) एक खड्डा आहे, त्यात प्रत्येकजण पडतो. या इमेजेसना "लेटेस्ट" टॅग नसतो. नुसतं नाव देऊन इमेज पुल कराल (ओढाल) तर सापडत नाही म्हणेल. टॅग पूर्ण द्यावा लागतो: आवृत्ती, दोन आडव्या रेघा, मग बिल्डची ओळख. सुरुवातीला वैताग येतो, पण पेपरमध्ये तोच टॅग छापला की वाचणाऱ्याला नेमकी तीच इमेज मिळते. आणि क्लस्टरची काळजी नको. सिंग्युलॅरिटी (२०२१ पासून तिचं एक नाव ॲपटेनर) डॉकरची इमेज थेट ओढून स्वतःच्या फाइलमध्ये बदलून घेते, रूट (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही.

---

मृगसर

मर्ज झालं!! रिव्ह्यू करणाऱ्यांनी एकच बदल सांगितला, सारांशाचं वाक्य छोटं करा म्हणून.

क्लस्टरवर ओढलं (खड्ड्यात पडलेच, सांगूनही). इमेज आधीच्या निम्म्याहून लहान. झाड आलं, रंग आले. फक्त आमच्या शेतांची नावं देवनागरीत आहेत, "विहिरीकडचं", "खालचा तुकडा" अशी. त्यांच्या जागी सगळीकडे रिकामे चौकोन आलेत. रिकामी खोली म्हणालात ते आता कळलं, फॉन्टसुद्धा नाही हो तिथे.

---

आडगावकर

नोटो सान्स देवनागरीची फाइल टूलबरोबरच द्या. तिचं ओपन फॉन्ट लायसन्स आहे, सोबत वाटायला हरकत नाही. क्यूटीच्या फॉन्ट डेटाबेसमध्ये ती सुरुवातीलाच नोंदवा. त्या फॉन्टचं लायसन्सही फोल्डरमध्ये ठेवा, पुन्हा मजले चढायला नकोत.

---

मृगसर

करते. मग आवृत्ती १.०.१. आणि बिल्ड नंबर पुन्हा शून्यच ना?

---

सेगफॉल्ट

शून्यच.