पातळ थराला नाव देताना

प्रश्न असा आलाय की, खडकाच्या वीतभर जाडीच्या थरातले जीवाश्म वरखालच्या थरांपेक्षा वेगळे असतील तर त्याला स्वतंत्र फॉर्मेशन (खडकांच्या थरांचं नकाशावर दाखवता येणारं मूळ एकक) म्हणावं का. माझ्या मते नाही. फॉर्मेशन, त्याचा भाग म्हणजे मेंबर आणि सगळ्यात लहान बेड ही उतरंड खडकाच्या गुणधर्मांवर ठरते. जीवाश्मांसाठी जैवविभाग (जीवाश्मांवरून पाडलेले थरांचे गट) ही वेगळी व्यवस्था आहे. दोन्हींची सरमिसळ केली की पुढे नकाशा करणाऱ्याचे हाल होतात.

जाडीची किमान मर्यादा मात्र नाही. डेन्मार्कमधला स्टेव्हन्स क्लिंटचा कडा बघा: खाली पांढराशुभ्र चॉक (मऊ चुनखडक), वर चुनखडक आणि मधे काही सेंटिमीटरची काळपट रेघ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, इरिडियम हा दुर्मीळ धातू असलेली ही चिकणमाती. तिला फिस्केलेर मेंबर असं रीतसर नाव आहे (अर्थ 'माशांची चिकणमाती', किती नेमकं!), पण ती रोडविग फॉर्मेशनचाच भाग.

तुमचा थर दूरवर सलग सापडत असेल आणि पाहताक्षणी ओळखू येत असेल तर बेड म्हणून नाव जरूर द्या: आधी ठिकाण, मग खडकाचा प्रकार. त्याआधी नमुना छेद (थराची ओळख ज्यावरून ठरते ती संदर्भाची जागा) नक्की करा आणि खालची सीमा धारदार आहे की हळूहळू बदलत जाते, तेही नोंदवा.