लक्ष्मीचं सोन्याचं नाणं: गांगेयदेवाचं की घोरीचं?

सराफा_इंदूर: घरच्या पुतळ्यांच्या माळेत एक पुतळी वेगळी निघाली. एका बाजूला मांडी घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला नागरीच्या तीन ओळी. कडीसकट वजन 4.3 ग्रॅम. वर ‘श्रीम’ वाचता येतं, खाली झीज आहे. एक जाणकार गांगेयदेवाचं म्हणतात, दुसरे महंमद घोरीचं. घोरीच्या नाण्यावर लक्ष्मी कशी असेल? आणि कस लावून पाहू का?

जुनी_मोहर: कस अजिबात लावू नका. कसोटीच्या दगडावर घासल्याचा ओरखडा नाण्यावर कायमचा राहतो. पॉलिशही नको.

घोरीच्या नाण्यावर लक्ष्मी खरोखरच आहे. त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव (सुमारे 1015 ते 1041) याने हा छाप पाडला. पुढे चंदेल, गाहडवाल या राजघराण्यांनीही तोच उचलला, म्हणून बाजाराला ते नाणं ओळखीचं होतं. 1192 ला तराईनची, 1194 ला चंदावरची लढाई जिंकल्यावर घोरीने तोच छाप चालू ठेवला आणि फक्त नाव बदललं. अनोळखी नाणं व्यापारी बट्टा कापल्याशिवाय घेत नाहीत, कारण इतकं साधं आहे. त्यात भक्ती शोधू नये.

तुम्हाला जे वाचता येतंय, नेमकं तेच दोन्हींकडे सारखं आहे: ‘श्रीमद्गांगेयदेव’ आणि ‘श्रीमहमद बिनि साम’ (महंमद बिन साम, म्हणजे सामचा मुलगा महंमद, हे घोरीचंच नाव). निकाल तिसऱ्या ओळीत. तिथे ‘व’ असेल तर गांगेयदेव, ‘साम’ असेल तर घोरी. खोली अंधारी करून टॉर्च नाण्याच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि चारही दिशांनी फोटो काढा. वजनावरून काही ठरणार नाही, दोन्ही चार ग्रॅमच्या आसपासच असतात.

तोळा_मासा: आधी ओतीव नक्कल नाही ना, ते बघा. भिंगाखाली काठावर शिवण, पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि साबणासारखी गुळगुळीत अक्षरं दिसली तर ओतीव. ठशाच्या नाण्यात अक्षराची कड धारदार उठते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे एखादं अक्षर काठावर कापलं गेलं असेल तर घाबरू नका.

सोन्यासाठी पाण्यातलं वजन घ्या. हवेत 3.95 ग्रॅम भरलं आणि पाण्यात 0.235 ने घटलं, तर 3.95 भागिले 0.235 म्हणजे 16.8, ही त्याची घनता. शुद्ध सोन्याची 19.3. पण काटा 0.001 ग्रॅमचा हवा. 0.01 च्या काट्यावर हीच घट 0.23 किंवा 0.24 दिसते आणि उत्तर 17.2 ते 16.5 असं हलतं. धागा बारीक नायलॉनचा घ्या, बुडबुडे झटका. कडी आणि तिचा डाख मात्र आकडा बिघडवतात, आणि कडी काढायला गेलात तर नाणं जाईल. म्हणून हा आकडा फक्त अंदाजाचा.

माळवा_नाणी: घरातलं आहे तोवर ठीक. जमिनीत सापडलेलं असतं तर 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागलं असतं. परदेशी पाठवू नका, 1972 च्या पुराण वस्तूंच्या कायद्याने मनाई आहे.

सराफा_इंदूर: टॉर्च लावून पाहिलं. तिसऱ्या ओळीत दोन अक्षरं दिसतात, दुसऱ्याला उजवीकडे उभी काठी.

जुनी_मोहर: पहिल्या अक्षराला काना आहे का, तेवढं बघा. ‘सा’ निघाला तर ते घोरीचं.